ओली मान

भाऊची सायकल आर्वीला आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकवून ठेवलेली. माझी बोरगाव मेघेला जिन्याखाली असते. दोन्ही सायकली रत्नागिरीहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून परत आल्या. भाऊ त्यांच्या आधी आला, रुग्णवाहिकेतून. त्या परतीच्या वाटेबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते आमच्या घरातल्या एका सवयीबद्दल, कारण शेवटी सगळं तिच्यापाशीच येऊन थांबलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात घाम दिसत नाही. तो अंगातून निघतो न निघतो तोच हवा पिऊन टाकते, शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात. फक्त मानेवर, उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याच्या गाठीखाली, ओल टिकते. वडील तरुणपणी कापडाचा गठ्ठा कॅरिअरला बांधून गावोगावच्या आठवडी बाजारांना जायचे. वर्षानुवर्षं तो धंदा करून त्यांनी एक नियम बसवला होता. मधूनमधून मानेला हात लावायचा. ओली असली तर पुढे निघायचं. कोरडी झाली असेल तर लू, म्हणजे उन्हाचा तडाखा, लागायला आली आहे असं समजायचं आणि दिसेल त्या झाडाखाली बसायचं. सुटीत भाऊ त्यांच्यासोबत जाई तेव्हा ते त्याच्याही मानेला हात लावत. पुढे वडील गेले, दुकान भाऊकडे आलं आणि नियमही त्याच्याकडेच आला.

पन्नाशी उलटल्यावर भाऊने गिअरची सायकल घेतली. मला कॉलेजात शिकवून घरी पुस्तकात डोकं घालायची सवय. त्याला ती पहिल्यापासून खटकायची. एका शनिवारी संध्याकाळी आर्वीहून माझ्या दारात येऊन म्हणाला, "ओ मास्तरीन, त्या पुस्तकाले बुरशी लागन. उद्या पवनारले चाल."

"मले नाई जमत भाऊ एवढं."

"काऊन नाई जमत? लहानपणी माह्या सायकलच्या दांडीवर बसून गावभर बोंबलत फिरत होती, तवा जमलं."

पुढे तो दर शनिवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून माझ्याकडे मुक्कामाला येऊ लागला आणि रविवारी आम्ही निघू लागलो. पवनारला धाम नदीच्या पुलाअलीकडे चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. पाय सरावले तसा आर्वीच्या रस्त्यावर जमेल तेवढा पल्ला. पुलाजवळच्या टपरीवर भाऊ ठरलेलं वाक्य बोलायचा, "पवनार आलं. चहा घेऊ." आणि चहा येईपर्यंत हात लांब करून माझी मान चाचपायचा. मग मी त्याची. टपरीवाल्याला हे काय चाललंय ते कधीच कळलं नाही. एकदा त्याने विचारलंच, "मानेत लचक भरली काय हो?" भाऊ म्हणाला, "नाई गा, बहिणीची मान सरळ आहे का ते पाहून राह्यलो. मास्तरीन आहे ना, बहुत ताठ ठेवते."

समुद्र भाऊने पाहिलेला नव्हता. दुकान सोडून तो कुठे गेलाच नव्हता. रत्नागिरीभोवतीचे सायकलचे रस्ते त्याने मोबाइलवर पाहून ठेवले. एक दक्षिणेला, खाडीच्या पुलावरून पावसच्या बाजूने. एक उत्तरेला, समुद्राच्या कडेने आरे-वारेहून गणपतीपुळ्याला. सकाळी शहरातून निघायचं, संध्याकाळी परत. माझ्या कॉलेजला मे महिन्याखेरीज लांबची सुटी नव्हती, म्हणून मे ठरला. त्यालाही त्याची हरकत नव्हती. "मे मधी आर्वी रोडवर सायकल चालवणाऱ्याले तिथं काय होते?" तो म्हणायचा.

निघताना वहिनीने दोघांच्या पिशव्यांत एकेक कांदा टाकला. उन्हात जाताना खिशात कांदा असावा हे आमच्याकडे सगळेच मानतात. भाऊ गाडीत सायकली चढवायच्या खटपटीत होता. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हे आयकत नाईत कोणाचं. मान पाह्यत जाजा त्याइची. तुमच्या भरोशावर पाठवून राह्यली. जसे नेता तसे आणून द्या."

मी हो म्हटलं. त्यावेळी ते सोपं वाटलं.

रत्नागिरीत उतरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की इथे काहीच वाळत नाही. भाड्याच्या खोलीतला टॉवेल रात्रभर पंख्याखाली असून सकाळी तसाच ओला. मी नेलेल्या पुस्तकाची पानं मऊ पडून एकमेकांना चिकटली. भाऊने मोबाइलवर तापमान पाहिलं आणि मोठ्याने हसला. आमच्याकडे सेहेचाळीस चाललं होतं, इथे तेहतीस. खोलीची मालकीण चहा घेऊन आली तर तिला म्हणाला, "काकू, हा तर आमचा हिवाळा होय. तुमी लोकं पंखे कायले लावता?"

ती म्हणाली, "हसा हसा. दुपारी बाहेर पडलात की कळेल."

त्याने दोन्ही कांदे काढून तिच्या हातावर ठेवले. "याची भजी करा. इथं खिशात ठेवायचं काय काम?" दुपट्टाही त्याने पलंगाच्या दांडीवर टाकला तो तिथेच राहिला. भजी संध्याकाळी आली, चांगली झाली होती. मीही खाल्ली.

सायकलीच्या पहिल्या दिवशी पावसच्या रस्त्याला गेलो. आमच्या मुलखात रस्ता सपाट जातो, इथे तो सारखा वर चढतो आणि खाली पडतो. दर उतारानंतर जांभ्या दगडातला चढ. भाऊचा शर्ट पाठीला चिकटून गडद झाला होता, कोपरांवरून थेंब पडत होते. खाडीच्या पुलावर थांबून त्याने समुद्र पाहिला. मग म्हणाला, "पलीकडचा काठच नाई वं याले." मी त्याच्या मानेला हात लावला. ओलीचिंब. त्याने माझी पाहिली. तीही तशीच.

"पाह्य बरं. बाबा असते तर म्हनले असते, असंच जात राहा." तो खूश झाला. संध्याकाळी जेवला मात्र कमी. डोकं जड झालं म्हणाला, आणि उजेड बंद करायला लावून लवकर झोपला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा रस्ता. निघायला उशीर झाला, कारण त्याला उठवत नव्हतं. नाश्ता नको म्हणाला. शहर मागे पडलं तेव्हा वारा पडला होता. माडाची एक झावळी हलत नव्हती. समुद्र खाली पसरलेला, राखी रंगाचा, आकाशाला चिकटलेला. रस्त्यावर कोणी नव्हतं. वाटेतल्या घरांची दारं लोटलेली, कुत्री दगडी गडग्याच्या सावलीत पडलेली. आमच्याकडे दुपारी असा शुकशुकाट झाला की आम्ही उन्हाला मानतो आणि थांबतो. इथे ते ऊन वाटतच नव्हतं. ढगाळ, फिकट उजेड होता.

पहिल्या चढावर तो मागे राहिला. तो कधी मागे राहत नसे. मी थांबले. जवळ येऊन माझ्यावरच चिडला. "थांबतेस कायले? मी काय म्हातारा झालो काय?" त्याचा चेहरा लाल होता. मी मानेला हात लावला. घामाने निथळत होती, आणि तापलेली होती. पण आमच्या नियमात मान ओली की कोरडी एवढंच असे. तापलेली असली तर काय करायचं, हे वडिलांनी कधी सांगितलंच नव्हतं.

"ओली आहे," मी म्हटलं.

"मंग? चाल."

पुढे उतार, खाली खाडी, तिच्यावर पूल. पूल दिसताच भाऊने वेग कमी केला. कठड्यापाशी पाय टेकून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पवनार आलं. चहा घेऊ."

मी हसले. तो नेहमीच थट्टा करायचा, मला तीच वाटली. तो हसला नाही. पुलापलीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिला, टपरी कुठे गेली हे शोधत असल्यासारखा. मग म्हणाला, "बाबा पुढं गेले काय?" शब्द जड, जिभेला अडकलेले. माझं हसू तोंडातच राहिलं. मी त्याचा दंड धरला आणि सावलीत बस म्हटलं. तो हात सोडवून सायकलवर बसला, थोडा चढला, आणि सायकलीसकट रस्त्याच्या कडेला आडवा झाला.

मागून मासळीचा टेम्पो आला. दोघे उतरले, एकाने बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, दुसऱ्याने क्रेट सरकवून जागा केली. त्यांनी त्याला मागे निजवलं आणि मासळीचा बर्फ ओंजळीने त्याच्या काखेत, मानेभोवती भरला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बर्फाखालीही माझी बोटं सारखी मानेकडे जात होती. मान ओली होती. दवाखाना येईपर्यंत मी त्यालाच धरून राहिले, की मान ओली आहे, म्हणजे अजून काही झालेलं नाही.

तो संध्याकाळी गेला.

डॉक्टर तरुण होती, शांतपणे बोलत होती. मी तिला तेच तेच सांगत होते, की हो, पण घाम येत होता, मी पाहत होते. ती म्हणाली, "घाम आल्याने अंग थंड होत नाही हो. तो वाळला तर होतं. इथे हवेतच इतकं पाणी असतं, तो वाळणार कुठे? नुसता वाहत राहतो." तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मला ते कळलं. इतकं साधं होतं, आणि आमच्या मुलखात ते कळायची कोणाला गरजच पडली नव्हती.

आर्वीला तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. वहिनी मला काही बोलली नव्हती. मी बोरगावला परत आले, आणि नंतर एका दुपारी एसटीने पुन्हा आर्वीला गेले. जून लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता. स्टँडपासून घरापर्यंत चालत गेले. वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीत गठ्ठे लावत होती.

"बाई, एक विचारू?" ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "मान पाह्यली होती ना?"

"पाह्यली."

"ओली होती?"

"ओलीच होती वहिनी. शेवटपर्यंत." मग डॉक्टरने सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत, वर्गात सांगते तसं. तिने ऐकून घेतलं. गठ्ठ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मंग तिकडचे लोक काय पाह्यतात?"

"ते दुपारी घराबाहेर पडत नाईत, वहिनी."

सायकलच्या सीटवर धूळ बसली होती, ती तिने पदराने पुसली. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलेल, जे तिने बोलायला हवं होतं ते. ती जवळ आली, माझ्या दुपट्ट्याची गाठ सैल केली आणि मानेवर हात ठेवला. हात तसाच राहू दिला.

"कोरडी हाय," ती म्हणाली. "बसा खाली. पाणी आणते."