शालनची गोळी

शालन गेल्याचा फोन कारखान्याच्या ऑफिसात आला तेव्हा मी ट्रान्झिस्टरच्या कॉइली गुंडाळत होते. विक्रोळीच्या चाळीत पोचले तोवर तिला खाली ठेवलं होतं. सकाळी मोरीत कपडे भिजवताना तोंड बादलीत गेलं, घरात कुणी नव्हतं. सासू आल्यागेल्याला सांगत होती, "चक्कर आली हो पोरीला." शालनची आई शेजारीच बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून म्हणाली, "हो... चक्करच." चक्कर कसली डोंबलाची? मिरगी होती तिला. माहेरच्यांना आणि मला ते माहीत होतं, सासरी कुणालाच नव्हतं. पोर मेली तरी इज्जत सांभाळायची, आणि मीही तिथे गप्प बसले. हे छापून आल्यावर तिची आई माझं तोंड बघणार नाही. न बघू दे.

मरोळच्या कारखान्यात आम्ही सहा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. ती आली त्याच वर्षी एकदा स्टुलावरून कोसळली, हातपाय झटकायला लागली, तोंडाला फेस. सुपरवायझरनं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. दिवसभर संडासात जाऊन आलेली चप्पल... शुद्धीवर आल्यावर तिनं आधी नाक पुसलं आणि मला म्हणाली, "कुणाची होती गं? निदान धुतलेली तरी लावायची ना." अशी होती ती. तिला हसू आलं होतं, मला अजून शिसारी येते. मग मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रोज रात्रीची एक गोळी चालू केली आणि बजावलं, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. काही महिन्यांत गोळी लागू पडली. त्यानंतर चार वर्षं एकदाही फिट नाही.

मधेच तिचं लग्न झालं. आईनं शपथ घातली, सासरी कळता कामा नये. म्हणून गोळ्या माझ्या घरी. दर सोमवारी मी आठवड्याच्या गोळ्या कागदात बांधून न्यायची आणि ती हात पुढे करायची, "दे गं माझी खडीसाखर." एकदा सासूनं ती पुडी बघितली. मी त्या दिवशी तिच्या घरी गेले होते, घाईघाईनं म्हटलं, मळमळीच्या गोळ्या आहेत. झालं, म्हातारीनं महिनाभर सुनेला कैरीचं लोणचं खाऊ घातलं आणि काही नाही म्हटल्यावर महिनाभर टोमणे मारले. शालन हसून सांगायची, पण मला आता वीट यायला लागला होता. दवाखान्याची रांग माझी, खोटं बोलायचं मी, आणि वर पकडले जायची भीतीही मलाच.

या मे महिन्यात माहेरच्यांनी तिला गावी नेलं, मालवणकडे. ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली की देव हो म्हणाला. प्रश्न काय, तर पोरीच्या गोळ्या बंद करायच्या का. अरे, चार वर्षं फिट आली नाही ती गोळीमुळेच ना? डॉक्टरांना विचारायची गोष्ट दगडाला विचारली. उजवी कळी पडली. वाऱ्यानं पडली असेल, पाणी सुकलं म्हणून पडली असेल. आई म्हणाली, "देवान होय म्हटल्यान, आता गोळये कित्याक?"

रविवारी शालन परत आली. सोमवारी कामावर तिनं मला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं गं? सोडू?" नव्या आठवड्याची पुडी माझ्या हातात होती. आणि मी, डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेली बाई, म्हणाले, "देवानं सांगितलंय ना? मग सुटलीस. मीपण सुटले." मी पुडी माझ्या पिशवीत परत टाकली. ती कामाला लागली. अठरा दिवसांनी तो फोन आला.

नंतर महिनाभर मी त्या आईला आणि त्या देवाला शिव्या घालत फिरत होते. त्यात बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? गेल्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, नवी मुलगी येतेय, शालनचं ड्रॉवर रिकामं कर. कंगवा, पावडरचा डबा, आणि तळाशी पाकिटात मावेल असं छोटं कॅलेंडर. रोजच्या चौकोनात पेन्सिलीची बारीक फुली. गोळी घेतली की फुली, एवढा नेम तिनं पाळला होता आणि मला कधी बोलली नव्हती. कौल लावला तो बुधवार मला माहीत होता, तो शोधला. त्या बुधवारी फुली आहे. गुरुवारी आहे, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आहे. देवानं हो म्हटलं, आईनं सांगितलं, तरी बाई गुपचूप गोळी घेतच होती.

सोमवारपासून सगळे चौकोन रिकामे आहेत.