ती ‘येते’ म्हणाली, तिथंच घोळ झाला

गेल्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या घरात एक गंमत झाली... म्हणजे सुरुवात तरी गमतीनं झाली. नणंदेची, सुजाताची, परवानगी घेऊनच लिहितेय.

मला जुन्या, कुणी न पाहिलेल्या कार्टून फिल्म्स शोधायचं वेड आहे. त्या दिवशी पूर्व युरोपातली एक मिळाली, हातानं रंगवलेली. हिरोईन आडव्या अंगाची, भल्यामोठ्या नाकाची, गावोगाव विहिरी खोदणारी... नाजूकपणाचा पत्ताच नाही.

सुजाता दिवाळीपासून माहेरी होती. सासरी सतत धाक आणि अपमान, तिला परत जायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी लासलगावहून सासरचे तिला न्यायला येणार होते आणि नाही म्हणायचा धीर होत नव्हता. म्हटलं, फिल्म बघून निदान डोकं शांत होईल.

सासूबाईंना इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, म्हणून सगळे संवाद मी मराठीत बोलत होते. आवाज बदलून, एकदम झोकात. यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मीच सांगते.

शेवटी गावातल्या विहिरीला पाणी लागतं. राजपुत्र तिला म्हणतो, आता खोदकाम सोड, लग्न करून महालात राहा. ती फावडं खांद्यावर टाकते, एकच वाक्य बोलते आणि बाहेर पडते. मी सवयीनं बोलून गेले, "येते मी."

सासूबाई खूश. आईला सांगून येईल आता, म्हणाल्या... आणि फिल्म संपली तरी लग्नाची वाट बघत बसल्या. सुजाताचा चेहरा मात्र उतरला.

मग माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, त्यामुळे कायमची निघालेली बाईसुद्धा ‘येते’च म्हणते. मी सीन मागे घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, "जाते मी."

वाटलं, आता बोलणी बसणार. पण सासूबाई लेकीकडे बघत होत्या. सुजातानं रिमोट घेतला आणि तोच सीन पुन्हा लावला... मग आणखी एकदा.

सोमवारी पाहुणे आले. चहा झाला, बॅग भरली का विचारून झालं. सुजाता उभी राहिली.

"निघताना तुमच्या दारात मी ‘येते’ म्हणाले होते. मला ‘जाते’ म्हणायचं होतं."

सासूबाई उठल्या आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पाहुणे थोडा वेळ बसले, मग निघाले.

ती फिल्म काढणारी माणसं कोण, आज हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांचे आभार कुठं मानायचे कळेना, म्हणून इथं मानते... सुजाता घरीच आहे.