उत्तनची न हलणारी माणसं

"मावशी, तिसरी ओळ वाचा."

"कंची ओळ? मला पाटी हाय एवढंच दिसतंय."

ऑपरेशनला दोन महिने झाले होते. रोजामावशींच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवली होती. आता दूरचं स्वच्छ दिसायला हवं होतं. मी एकेक काच लावून पाहिली. मायनस अडीचला त्यांनी खालपर्यंत सगळं वाचलं. म्हणजे जवळचं दिसत होतं, लांबचं नाही; लेन्सची पॉवर चुकली होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. भाईंदर वेस्टला आमच्या डॉक्टर मॅडमचं छोटं आय हॉस्पिटल होतं आणि मी तिथे टेक्निशियन. डोळा मोजायचं मशीन, ए-स्कॅन, नुकतंच आलं होतं. पेनासारखा प्रोब बुबुळाला टेकवायचा, की डोळ्याची आतली लांबी स्क्रीनवर येते. त्यावरून लेन्सची पॉवर ठरते. प्रोब फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला तर डोळा चेपतो, लांबी कमी दिसते आणि गरजेपेक्षा जास्त पॉवरची लेन्स बसते. मिलिमीटरभर चुकलं की चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो.

मावशींच्या वेळी बाहेर रांग होती आणि स्क्रीनवर रेषा नीट उभ्या राहत नव्हत्या; त्या उभ्या राहिल्याशिवाय रीडिंग येत नाही. मी दाबलं. रेषा उभ्या राहिल्या.

आता मॅडमनी मायनस अडीचचा कागद पाहिला. "सुधीर, रीडिंग नीट घेतलं होतंस ना?"

"हो मॅडम. मावशी हलल्या थोड्या."

समोर बसलेल्या मावशींनीच कानाला हात लावले. "माझीच चूक, डाक्तरीणबाय. मला मेलीला एका जागी बसवत न्हाय."

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

चष्मा दिला, पण मावशींच्या उत्तन गावात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात काचा सारख्या धुरकट व्हायच्या. त्यांनी तो ठेवून दिला. संध्याकाळी किनाऱ्यावर सगळ्या बायका आपापली होडी लांबून ओळखायच्या. मावशींना लेकाची होडी शेजारणीने सांगितल्यावर कळायची.

पण त्या बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. मोजताना हलले म्हणून डोळा बिघडला, असं त्यांनी गावभर सांगितलं. त्यानंतर उत्तनचे पेशंट यायचे ते चर्चमधल्या पुतळ्यासारखे बसायचे. एक काका तर लालबुंद झाले.

"काका, श्वास घ्या."

"रोजानं सांगलंय, हलायचं न्हाय."

माझी रीडिंग्ज इतकी झकास येऊ लागली, की मॅडमनी कौतुक केलं. ते कौतुक मी मान खाली घालून ऐकलं.

आठ महिन्यांनी मावशी डाव्या डोळ्यासाठी आल्या. त्या काळी आम्ही ज्याचं ऑपरेशन तोच डोळा मोजायचो, म्हणून डावा पहिल्यांदाच मोजत होतो. हलक्या हाताने तीनदा मोजला, तिन्ही वेळा आकडा तोच. उजव्यापेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर जास्त.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दोन डोळ्यांत सहसा एवढा फरक नसतो. एक रीडिंग चूक आहे. कुठलं?"

'पुन्हा हलल्या' म्हणालो असतो, तर दुसऱ्या डोळ्यातही चुकीची लेन्स गेली असती.

"पहिलं, मॅडम. मी प्रोब दाबला होता. मावशी हलल्या नव्हत्या."

मॅडमनी पहिला कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मला नको सांगू. बाहेर बसल्यात, त्यांना सांग."

मी जाऊन सांगितलं.

"आता सांगतोस? मी फादरकडं कन्फेशन केलं रे, माझ्यामुळं डाक्तरणीचं काम बिघडलं म्हणून. तुझ्या पापाचं प्रायश्चित्त मी घेऊन बसले." आणि त्या जोरात हसायला लागल्या. बाकडं हललं.

"उजव्याचं काय करायचं ते मॅडमना विचारू का?" मी म्हणालो.

"त्याला हात लावू नको. बिनचष्म्यानं सुईत दोरा घालते मी. भजनाचं पुस्तक वाचते. सून जळते माझ्यावर. ह्या डोळ्यानं तेवढी होडी दाखव."

दाखवली. डाव्याची लेन्स बरोबर बसली. एक डोळा दूरचा, एक जवळचा. पुढच्या तपासणीला त्या सुके बोंबील घेऊन आल्या. रिसेप्शनवरच्या हंसाबेननी सगळ्या खिडक्या उघडल्या.

"काल मीच शेजारणीला सांगलं, तुझी होडी आली म्हणून," मावशी म्हणाल्या.

"मावशी, गावात खरं काय ते पण सांगा आता."

"ते न्हाय सांगायची. समदी नीट बसतात ना तुझ्यासमोर? बसू दे."

मावशींच्या या प्रकारानंतर आमच्याकडे दोन्ही डोळे मोजायचा नियम झाला. उत्तनमध्ये मात्र शेवटपर्यंत मावशीच हलल्या होत्या. मीही कधी दुरुस्ती केली नाही. ती आज इथे करतोय.

नव्या मुलांना मशीन शिकवताना मी एवढंच सांगतो: पेशंट हलला का, ते नंतर बघा. आधी आपला हात बघा.