सोयाबीनवरच्या लेखाची चौकशी

काही अर्ज कागदावर निकाली निघतात, मनातून निघत नाहीत. परभणीत पोलीस निरीक्षक असताना आलेला एक निनावी अर्ज आठवला, की आजही आधी हसू येतं आणि मागून लाज.

मजकूर असा: अमुक महाविद्यालयातले जैवतंत्रज्ञानाचे एक संशोधक आपल्या लेखांचे उल्लेख विकत घेतात. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात तुमच्या लेखाचं नाव घेतलं, की तो उल्लेख मोजला जातो. आकडा जेवढा मोठा, तेवढं बढतीत वजन. या गृहस्थांच्या सोयाबीनवरच्या एकाच लेखाचे उल्लेख भराभर वाढले होते. बाकीच्या लेखांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि सोमवारी त्यांची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती.

मी स्वतः शेतकी पदवीधर. आमच्याकडचे बरेच फौजदार तिथूनच येतात. एम.एस्सी.ला मला प्रवेश मिळाला नव्हता. खरं सांगतो, अर्ज वाचून मला बरं वाटलं.

प्राचार्यांच्या खोलीत त्या संशोधकांना बसवलं. दार उघडंच होतं.

"हे उल्लेख करणारे तुमच्या ओळखीचे आहेत?"

"नाही, साहेब."

"मग त्यांना एकाच लेखाचा एवढा पुळका का?"

त्यांनी मान खाली घातली, घाम पुसला. खोटा आळ आला की माणूस चिडतो, हा गप्प. बाहेरच्या कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "पैसे किती मोजलेत तेवढं सांगा, बाकीचं मी बघतो."

ठाण्यात परतल्यावर उल्लेख असलेल्या लेखांच्या प्रती मागवल्या आणि गंजलेल्या इंग्रजीनं वाचू लागलो. पहिला म्हणत होता, यांचा निष्कर्ष आम्हाला कुठेच आढळला नाही. दुसरा म्हणे, पद्धत सदोष. तिसऱ्यानं तर असं करू नये म्हणून यांचंच उदाहरण दिलं होतं! मी मोठ्यानं हसलो. जमादार आत आले.

"जमादार, आपल्या रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा कुणाचं नाव येतं?"

"त्या स्टँडवरच्या पाकीटमाराचं, साहेब. का, पुन्हा घावला का?"

संशोधकांना जबाबासाठी बोलावलं. सोबत पिंगळी गावाहून त्यांचे वडील, अण्णा, आले होते. ते दाराशी बाकावर बसले. या वेळी मी आधी चहा मागवला आणि प्रती पुढे सरकवल्या.

"चूक माझीच, साहेब," संशोधक हळूच म्हणाले. "प्रयोगातल्या जिवाणूंत भेसळ झाली होती. कळल्यावर मीच तसं छापून कळवलं. पण तोवर अण्णांनी गावात फ्लेक्स लावला होता, 'जगातले शास्त्रज्ञ ज्यांचं नाव घेतात' म्हणून."

"म्हणून चोर म्हणवून घेणार होता?"

"अण्णा गावात कसे फिरतील, साहेब?"

दारातून आवाज आला, "फिरंल की! मला काय झालंय?" अण्णा आत आले. "आरं, वाचल्याबिगर चूक घावली का त्यांला? गावात तर तुझा लेख कुणी उघडला बी न्हाई. आन् चूक तूच सांगितलीस न्हवं? मंग लाजायलास कशाला? सोमवारी त्या साहेब लोकांना असंच सांग. मी येतो संगं."

'उल्लेख खरे, आर्थिक व्यवहार आढळला नाही, अर्ज निकाली काढावा,' असा अहवाल मी त्याच दिवशी शिपायाच्या हाती महाविद्यालयात पाठवला. मुलाखतीत त्यांनी न विचारताच सगळं सांगितलं. निवड झाली. अण्णांनी ठाण्यात पेढे आणले आणि पहिला जमादारांना दिला.

गप्प माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, कधी तो कुणाची तरी अब्रू झाकत असतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण कारकुनांसमोर बोललेलं माझं वाक्य अहवालात नव्हतं, त्यामुळे ते खोडताही आलं नाही. महाविद्यालयात जाऊन 'मी चुकलो' म्हणायला दहा मिनिटं पुरली असती. त्या गृहस्थांनी आपली चूक साऱ्या जगाला छापून कळवली. माझी मी आज छापतोय.