उलट्या बाजूनं वाचलेली गोष्ट

धाकटा भाऊ जाऊन महिना झाला. आज गोरेगावच्या घरी त्याची पेटी उघडली, तर कपड्यांखाली राक्षसांची एक चित्रकादंबरी निघाली. असलं पुस्तक मी कधी हातात घेतलं नव्हतं. इंग्रजी जेमतेम, म्हणून आईला जवळ बसवून नुसती चित्रं पाहत गेलो.

पहिल्याच पानावर एका पोराची कबर होती. मग तो काळ्या जंगलात राक्षसांशी लढला. शेवटच्या पानावर घरी आईपुढे बसून जेवत होता.

तेवढ्यात भावाचा मित्र आला. म्हणाला, "दादा, उलटं पाहून राहिले तुमी. जपानी पुस्तक इंग्रजीत असलं तरी उजवीकडून सुरू होते."

आईनं पुस्तक ओढून घेतलं. "राहू दे बाबू. आमी असंच पाहू."

तिला मी सरळ बाजू कशाला दाखवू, सांगा?