वेलीतली अक्षरं

आमच्या बारकीला सगळे बारकी म्हणतात, पण कपाटावरचा डबा तिला स्टूल न घेता काढता येतो. ही माझी धाकटी नणंद. वय चौतीस. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणते, "तुमच्याइतकं सोसणं मला जमायचं नाही, वहिनी," आणि भावाकडे बघून हसते.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती फरश्या आणि भिंती करते. गेममधला राजा कोण, सैनिक कोण, हे दुसरे लोक ठरवतात. ते ज्यावर उभे राहतात ते बारकीचं. ऑफिसात तिचं नावच फरशीवाली. "बरं आहे," ती म्हणते, "पायाखाली कोण बघतं?"

तिची कामाची रीत घरच्यांनाच माहीत. नजरेला काही वेगळं दिसलं की फोटो. तव्याची जळकी पाठ, न्हाणीघरातली ओल, ह्यांच्या स्वेटरची झिजलेली कोपरं. मग त्या फोटोचा चौकोन कापायचा आणि त्याच्या कडा अशा जुळवायच्या की शेजारी शेजारी शंभर चौकोन मांडले तरी सांधा दिसू नये. एकदा पाहुण्यांदेखत मी टेबलावरचा डाग पुसायला गेले तर ओरडली, "थांबा वहिनी, तो मला हवाय!" पाहुण्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

मंगळवारी ती भर दुपारी घरी आली. दार लावलं, वरची कडी लावली, पडदा ओढला. पाणी दिलं ते न पिता बाजूला ठेवलं.

"वहिनी, मी काय केलंय ते मलाच कळत नाहीये."

तिनं मोबाइल पुढं केला. त्यांच्या गेममधलं एक तळघर. कैद्याला बडवतायत, रक्त वाहतंय, बूट वाजतायत. आणि खालच्या फरशीवर हिरवी वेल. कुणीतरी खेळणाऱ्यानं ते चित्र उलटं करून वेलीच्या पानांभोवती लाल गोल काढले होते. गोलांमधली अक्षरं जोडली की आमच्या प्रार्थनेचं पहिलं वचन होत होतं. देवाच्या वचनावर रक्त आणि बूट. खाली हजारो लोकांनी लिहिलं होतं. 'मुद्दाम केलंय.' 'हे हात कुणाचे, नाव सांगा.' 'नाव कळलं की घर शोधतो.' कंपनीनं चौकशी लावली होती, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर देऊ, असं जाहीर केलं होतं.

"शपथेवर सांगते, मला त्यात अक्षरं दिसलीच नाहीत. ही वेल मी कुठून घेतली तेही आता आठवत नाही. चारशे फरश्या केल्यात मी."

मला आठवत होतं.

आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर एक भरतकामाचा रुमाल असतो. माझ्या आईनं शेवटच्या आजारपणात भरलेला. पानांच्या शिरांमध्ये तिनं ते वचन असं गुंफलं की कुणाला दिसू नये. "देवाचं नाव मिरवायचं नसतं, मुरवायचं असतं," म्हणाली, आणि कसं वाचायचं ते फक्त मला दाखवलं. मी ह्यांनाही सांगितलं नाही. गुपित जवळ असणं मला आवडायचं. त्यात भक्ती किती आणि मिजास किती, ते मी कधी तपासलं नाही. गेल्या हिवाळ्यात भाजी चिरत होते तेव्हा बारकीनं विचारलं होतं, "हा रुमाल घेऊ का फोटोला, वहिनी?" मान वर न करता मी म्हणाले होते, "घे की."

तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. नुसती रुमालाकडं बघत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी हे आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाळून टाका तो. रुमाल नाही तर पुरावा नाही."

"वचन जाळू?"

"मग तिला जाळतील!" असं बोलून त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मी जाळला नाही. धान्याच्या डब्यात तळाशी घातला, वर डाळ ओतली, आणि देवाची माफी मागितली. दोन दिवस बेल वाजली की आम्ही तिघंही एकमेकांकडं बघायचो. दूधवाल्यानं बारकीबद्दल नेहमीसारखं "ताई झोपल्यात का?" विचारलं, तर माझ्या मनात आलं, हा का चौकशी करतोय? बारकी खिडकीपाशी जाईना. मोबाइल बंद करून गादीखाली ठेवला होता, तरी दर तासाला तो आहे का ते बघायची.

गुरुवारी आमच्याकडं प्रार्थनेचा गट असतो. माझ्यासकट आठ बायका, आठ वर्षं. नको म्हणावं तर संशय यायचा. मी पुस्तकावर साधा टॉवेल घातला. बारकी आतल्या खोलीत, दाराला आतून टेकून बसलेली.

सुरुवातीलाच मास्तरीणबाईंनी त्या फरशीचा विषय काढला. आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यांनी; आवाज अजून वर्गातला. "आमच्या जावयांनी दाखवलं मला. ते सगळ्यांना पाठवतायत. हात कलम करायला हवेत असल्यांचे!"

"नाव कळू दे फक्त," दुसरी म्हणाली.

तेवढ्यात शिंपीणकाकूंनी टॉवेलाकडं बोट केलं. सत्तरीच्या आहेत, टाके घालता घालता बोटं वाकडी झालीत. "आज हे काय गं? रुमाल कुठाय?"

"धुवायला टाकलाय," मी म्हणाले. टॉवेलाखाली पुस्तक, आणि माझा हात त्यावर. माझा तळवा भाजल्यासारखा झाला. दारामागं काहीतरी घासल्याचा आवाज आला. बारकीनं पाय पोटाशी ओढून घेतले असतील. मला वाटलं, ही इतकी उंच बाई घरात किती लहान होऊन बसली आहे.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन डब्यात कोपरापर्यंत हात घातला, रुमाल काढला, डाळ झटकली आणि तो सगळ्यांच्या मधोमध पसरला.

"ती वेल ही आहे. माझ्या आईनं भरली. फोटो आमच्या बारकीनं काढला. तिला अक्षरं माहीत नव्हती, मला होती. मी सांगितलं नाही. कलम करायचे तर माझे हात करा."

शिंपीणकाकूंनी चष्मा पुसला, रुमाल नाकाशी नेला, आडवा धरला, उलटा धरला. "कुठंय? मला काही दिसत नाही."

मी बोट ठेवून एकेक अक्षर दाखवलं. शेवटचं अक्षर आलं तेव्हा त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "बायांनो, आठ वर्षं आपण याच्यासमोर हात जोडून बसतोय. मी तर जन्मभर टाकेच बघितले. आपल्यातल्या एकीला तरी दिसलं? मग त्या पोरीला कसं दिसावं?"

मास्तरीणबाई उठल्या. जिना उतरून गेल्या, अनवाणी. चपला आमच्या दाराशीच राहिल्या.

शिंपीणकाकूंनी सांगितलं तसं मी कागदावर लिहिलं: हा रुमाल आमच्या समोर आठ वर्षं होता, आम्हांलाही वचन दिसलं नाही, फरशी करणाऱ्या बाईच्या मनात पाप नव्हतं. सहा सह्या झाल्या, आणि खाली 'मला माहीत होतं, मी सांगितलं नाही' असं लिहून सातवी माझी. बारकी बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडायला वाकली, तर काकू म्हणाल्या, "ऊठ गं, तू वाकलीस तरी माझ्या डोक्याएवढीच आहेस." पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पण त्या चपला. एक शब्द आणि पत्ता जावयांच्या हाती. हे म्हणाले, "मोठी चूक केलीस." मी रात्रभर चपलांचाच विचार करत होते. त्या आत घ्याव्यात की बाहेर ठेवाव्यात, हेही ठरेना.

शुक्रवारी सकाळी मी, बारकी आणि काकू ऑफिसात निघणार, तोच बेल वाजली. बारकी भिंतीला चिकटली. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

मास्तरीणबाई. "चपला न्यायला आले." पायात दुसऱ्या, घरातल्या सपाता. "कागद दाखवा."

उभ्या उभ्या वाचला. शुद्धलेखनाची एक चूक काढली, पेन मागून ती दुरुस्त केली.

"मी सही करणार नाही. मला ते अजून खुपतंय, आणि खुपणार. पण नाव माझ्या तोंडून जायचं नाही. जावयांनाही सांगितलं, पाठवलेलं सगळं काढा म्हणून. सतरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा बोलले." मग बारकीकडं न बघता म्हणाल्या, "ती फरशी आधी काढ."

"काढली," बारकी म्हणाली. "मंगळवारीच."

कंपनीनं कागद आणि रुमाल पाहिला. लोकांची जाहीर माफी मागितली, नाव दिलं नाही. बारकीची नोकरी राहिली. लोकांचं बोलणं कमी झालंय, थांबलेलं नाही; बेल वाजली की आम्ही अजून एकमेकांकडं बघतो.

आज ती तव्याचा फोटो काढायला आली. मोबाइल वर धरला, मग खाली घेतला.

"वहिनी, यात काही नाही ना?"

तवा उजेडात धरून मी दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, आणि मगच म्हणाले, "घे."