आईच्या प्रार्थनेतले टोमणे

टेलरबाई कधी कुणावर आवाज चढवत नाही, ही गोष्ट तिच्या चर्चमध्ये लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. लेकराला आपल्या वागण्यातून प्रभू दिसला पाहिजे, तेव्हा ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, असं तिनं मुलगी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. ठरवलं ते पाळलंही. पण दिवसभर गिळलेला राग जाणार कुठे? तो संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत बाहेर पडायचा.

"प्रभू, या घरात कुणीतरी ओला टॉवेल पलंगावर टाकतं. त्या व्यक्तीला थोडी समज दे," ती अगदी मऊ आवाजात म्हणायची. "प्रभू, परीक्षा तोंडावर आली असताना मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसणाऱ्या लेकरांवर दया कर." नवराही यातून सुटत नसे. सांगितलेलं सामान विसरून हात हलवत घरी येणाऱ्यांसाठी ती वेगळी विनंती करायची. तो बिचारा मोठ्यानं आमेन म्हणून मोकळा व्हायचा. त्याची कातडी जाड होती. मुलीची नव्हती.

त्या घरात प्रार्थना आळीपाळीनं व्हायची. आधी बाबा, मग मुलगी, शेवटी आई. मुलगी कॉलेजात जायला लागली आणि एक दिवस तिची पाळी आली तेव्हा ती बोललीच नाही. डोळे मिटून बसून राहिली आणि थोड्या वेळानं आईच्या गुडघ्याला हळूच हात लावला, म्हणजे आता तू कर. दुसऱ्या दिवशी तेच. मग ते रोजचंच झालं. टेलरबाई धास्तावली. लेकीचा विश्वास उडाला की काय, आणि उडाला असेल तर आपलं काय चुकलं? इतकी वर्षं जीव पाखडला तो कशासाठी? साहजिकच तिनं ही काळजी प्रार्थनेत मांडली, लेकीच्या देखत, रोज, जरा लांबण लावून. मुलगी आणखी घट्ट मिटली.

गणवेश शिवण्याच्या कारखान्यात टेलरबाई तपासणीला होती. वाकडी शिलाई दिसली की ती काही न बोलता उसवायची आणि कपडा शिवणारीच्या पुढ्यात ठेवायची. त्या दिवसांत तिनं इतक्या कॉलर उसवल्या की काज करणारी तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, घरचा राग कापडावर कशाला काढतेस? त्यानं काय घोडं मारलंय?"

त्यातच चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं तिला गाठलं. सगळे तिला पाळकबाई म्हणत. "ताई, मंडळीतल्या दोन-तीन नव्या आयांना घरची प्रार्थना कशी असते ते दाखवायचंय. तुमच्याकडे घेऊन येते. तुमच्यासारखं घर दुसरं कुठलं सांगा?"

टेलरबाईला नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "या ना."

घरी येऊन तिनं लेकीला समोर बसवलं. "पाळकबाई येणार आहेत. फक्त दोन वाक्यं बोल. प्रभू, आजच्या दिवसाबद्दल आभार. संपलं."

"मनात नसताना?"

"मग आण मनात!"

आवाज असा चढला की नवरा आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आला. मुलगी थक्क होऊन बघत राहिली. टेलरबाईला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखीच राग आला. "सगळ्यांच्या मुली बोलतात," ती पुटपुटली आणि उगाचच धुतलेली भांडी परत धुवायला गेली.

पाहुण्या आल्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं. सतरंजीवर सगळे गोल करून बसले. नवऱ्यानं आपली नेहमीची प्रार्थना आटोपली. मग मुलीची पाळी आली. टेलरबाईनं डोळे गच्च मिटले. आता गुडघ्याला हात लागेल, आता अब्रू जाईल, असं तिला वाटत होतं.

"प्रभू," मुलगी म्हणाली. सगळ्यांना ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात. "मी तुझ्याशी रोज गच्चीवर बोलते, तुला माहीत आहे. इथे बोलता येत नाही. इथे आई तुझ्याशी बोलते की माझ्याशी, तेच कळत नाही, आणि मला तुला सोडून तिलाच उत्तरं द्यावीशी वाटतात. आमेन."

तान्हं कुरकुरलं. पाळकबाई खाकरल्या. शेवटची प्रार्थना टेलरबाईची होती आणि तिच्याकडे बोलायला भरपूर होतं. चारचौघांत आईची शोभा करणाऱ्या लेकरांविषयी एक अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं. दुसरं आलं, तेही तसलंच निघालं. टोमणा नसलेलं एकही वाक्य आपल्याला सापडत नाही, हे कळल्यावर तिला रडू फुटलं. "आमेन," एवढंच ती म्हणाली.

पाहुण्या चहा न घेताच गेल्या. टेलरबाई मायलेकीत बोलणं नको म्हणून लवकर आडवी झाली, पण तिचा डोळा काही लागेना. लेक देवाला धरून होती. केवढा आनंद व्हायला हवा होता! झालाही होता. पण ती आईपासून लपून त्याच्याकडे जात होती, हे काट्यासारखं सलत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मुलगी गच्चीकडे निघाली. टेलरबाई मागोमाग जिना चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. पलीकडून पुटपुटणं येत होतं, मध्येच 'आई' हा शब्द नीट ऐकू आला आणि पुढचं काहीच कळेना. जरा कान लावला असता तर सगळं समजलं असतं. जन्म दिलाय, एवढा हक्क नाही का आपला? ती तिथे उभ्या उभ्या लेकीवर चिडली, देवावरही चिडली. त्याला सगळं ऐकायला मिळत होतं.

मग तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशीच, भिंतीला खांदा घासत, जिना उतरून खाली आली.